दोन बोटं वर

गजा,

तुझी सायकल अकरा दिवस झाले माझ्या दुकानात मागच्या भिंतीला टेकून उभी आहे. गोणपाटात गुंडाळलेली, वरून सुतळी. मी ती अजून सोडलेली नाही. दुकानात कुणी आलं की इष्णू आधी सायकलीची विचारपूस करतो आणि मग मालकाची, असं तू सगळ्या महाडभर सांगत फिरलास. आता तुझ्याच सायकलीची विचारपूस करायचं धाडस मला होत नाहीये.

तुला अग्नी देऊन आम्ही परत आलो तेव्हा ती तुमच्या अंगणात पडली होती. हँडल वेगळं, नळीला बांधून ठेवलेलं. सखादादा तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "घेऊन जा ती. घरात नको. आन् बघ जरा, ब्रेक गेला का काय झालं तिला. तुला कळंल." एवढा उंचापुरा तुझा मोठा भाऊ, पण आवाज पार बसला होता. मी सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि पोलादपूर ते महाड खिडकीबाहेर बघत आलो. पंचनाम्यात 'उतारावर तोल जाऊन' एवढंच लिहिलंय. गावात कुणी चक्कर म्हणतं, कुणी ब्रेक म्हणतं. खरं काय ते सुतळी सोडली की कळेल, आणि ते ज्याला कळेल असा माणूस या तालुक्यात मी एकटाच आहे.

जायच्या आठ दिवस आधी तू माझ्याकडून हँडल वर करून घेतलं होतंस. जेवढं करू नये तेवढं मी ते वर केलं होतं. तेच निसटलं का, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या गोणपाटात आहे.

परवा तुझं तेरावं. दादा विचारणार. त्याआधी मला तुझ्याशी बोलायचंय, कारण हे भांडण आपलं दोघांचं होतं आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलास.

तुला आठवत असेल, देवी टोचायच्या नोकरीवर लागलास तेव्हा पहिली काही वर्षं तू पायीच हिंडलास. पोलादपूरहून कापड्याकडे, तिथून वर घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवर, खांद्याला लशीचा थर्मास आणि बगलेत नोंदींची वही. लोक तुला देवी डॉक्टर म्हणायचे आणि तू दिसलास की पोरं कणगीमागे लपवायचे. मग महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात तू सायकल घ्यायला माझ्याकडे आलास. बरोबर सखादादा होता. तुमच्या वाडीतली ती पहिली सायकल, म्हणून तो धुतलेलं धोतर नेसून आला होता.

माझ्याकडे तेव्हा दोनच फ्रेमी आढ्याला टांगलेल्या होत्या, एक बावीस इंची, एक चोवीस. मी दोन्ही खाली घेतल्या. दोन्हींच्या नळ्यांवर नखाने टिचकी मारून दाखवली. बावीसची नळी पातळ, चांगल्या पोलादाची, लांबवर वाजायची. मी तुला सांगितलं, असं पोलाद रस्त्याला थोडं लवतं, आणि हिच्या पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला पुढे बाक चांगला आहे, म्हणजे खड्ड्याचा धक्का चाकातच जिरतो, मनगटापर्यंत येत नाही. दिवसाला दहा-बारा मैल करणाऱ्याला हीच बरी. तू म्हणालास, "मडकं विकतोस का सायकल?" आणि हसलास. पण हात तू बावीसवरच ठेवला होतास. मी ते पाहिलं होतं.

दादाने दोन्ही सायकली भिंतीला उभ्या केल्या आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, बाजारात बैलाच्या वशिंडाला हात लावून बघतात तसा. म्हणाला, "हा बैल हाय. तो गोऱ्हा." वरच्या नळीवर भाताचं पोतं आडवं बसलं पाहिजे, उद्या पोरं मोठी होतील, सायकल काय रोज घेतो का माणूस. सहा फुटी दादाच्या कमरेला चोवीस इंची बरोबर येत होती. बसायचं होतं तुला, आणि तू पाच फूट तीन इंच.

आता माझी चूक. माझ्या दुकानाची रीत तुला ठाऊक होती. सौदा ठरला की पुढच्या चाकापुढे नारळ फोडायचा, हँडलला कुंकू लावायचं, खोबरं रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं. दादा म्हणाला "हीच" आणि मी आत जाऊन नारळ घेऊन आलो. पेठेत चारजण थांबले होते, मला त्यांच्यासमोर मिरवायचं होतं. नारळ फोडून झाला, कुंकू लागलं, आणि मग मी तुला सीटशेजारी उभं करून माप घेतलं. कोपर सीटच्या नाकाला लावायचं आणि बोटांची टोकं हँडलला लागली पाहिजेत. तुझी बोटं चार बोटं अलीकडे राहिली. हे माप आधी घ्यायचं असतं. माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणाही कारागिराने असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

मी म्हटलं, "दादा, ही बदलू या. गजाला लांब पडतेय."

"नारळ फोडलेली वस्तू परत करतात व्हय?" दादा म्हणाला. "अपशकून नको, इष्णू. सवय व्हईल तेला."

तू माझ्याकडे बघितलंस. मी एक शब्द बोललो असतो तर पुरला असता. दुकान माझं, नारळ माझा, रीतही मीच पाडलेली. पण मी मान खाली घालून खोबऱ्याचे तुकडे करत राहिलो. तू खोबरं चघळत, पुढे ओणवून, पोलादपूरच्या रस्त्याला लागलास.

सहा महिन्यांत तुझी पाठ धरली. मग बोटांना मुंग्या. शनिवारी लस घ्यायला महाडला आलास की दुकानापुढच्या बाकावर बसायचास आणि आपलं सुरू. तू म्हणायचास, "हँडल बदल." मी म्हणायचो, "फ्रेम बदल." तू म्हणायचास, "नारळ फोडलाय." मी म्हणायचो, "पाठ तुझी आहे का नारळाची?" मग तू दादाचं नाव काढायचास आणि मी गप्प बसायचो, कारण तुझा बाप गेल्यावर दादानेच तुला शिकवलं होतं आणि त्याच्या शब्दाबाहेर तू कधी गेला नाहीस. चार वर्षं हेच. माझ्या बायकोला आपलं भांडण तोंडपाठ झालं होतं. ती आतून चहा पाठवायची तेव्हा विचारायची, "आज नारळापर्यंत आले का?"

मी काय कमी खटपटी केल्या? सीट पुढे घेतली, इतकी की तुझे गुडघे हँडलला लागायला लागले. शर्यतीच्या सायकलीचं खाली वळलेलं हँडल लावून दिलं, त्याला तीन जागी धरता येतं म्हणून, हात बदलत गेलास तर मुंग्या येणार नाहीत या हिशोबाने. दुसऱ्याच दिवशी तू ते घेऊन परत आलास. "इष्णू, मला रस्ता बघायचाय. तू पुढचं चाक बघायला लावलंस," म्हणालास. मुंग्या खरंच थांबल्या होत्या, पण पाठ आणखी गेली होती. मग मी मागे वळलेलं रुंद हँडल बसवलं, मूठ थेट तुझ्या पोटाशी येईल असं. त्याने बरं वाटलं. पण ते खाली होतं. मग मी ते वर घेतलं. मग आणखी थोडं वर.

आणि दर रविवारी तू सवच्या गरम पाण्याच्या कुंडात पाठ बुडवून बसायचास. मी एकदा बरोबर आलो होतो. पाण्यात डोळे मिटून तू म्हणालास, "हितं बरं वाटतं. हितनं घरी जायला परत तीच सायकल." मी हसलो. तुझ्यावर हसायची सवयच होती मला.

ज्या गोष्टीबद्दल तुला कधी धड काही म्हटलं नाही ती आता म्हणतो. दुकान काढलं त्या पहिल्या वर्षी दिवसच्या दिवस कुणी फिरकत नसे. तेव्हा तू बाकावर बसून गिऱ्हाईक असल्यासारखा माझ्याशी मोठमोठ्याने हुज्जत घालायचास. छर्रे असले कसले, पाना असा का धरलास. रस्त्यावरचे लोक भांडण ऐकायला थांबायचे आणि थांबले की त्यातला एखादा आपली सायकल पुढे करायचा. मला वाटायचं तुला भांडायची हौसच आहे. तू गेल्यावर परवा बायको म्हणाली, "तुमचं दुकान त्यांनी आरडाओरडा करून उभं केलं." तिला हे तेव्हाच कळलं होतं म्हणे. मला कळायला बाक रिकामा व्हावा लागला.

आता त्या मंगळवारबद्दल. तू दुपारी आलास ते सायकल हातात धरून, चालत. वरच्या वाड्यांवर देवीची लागण झाली होती. पंधरा दिवस रोज चढायचं आणि उतरायचं होतं. घंटा तू काढून ठेवली होतीस, घंटा ऐकून पोरं लपवतात म्हणून. तू बाकावर बसला नाहीस. बसलो तर उठवणार नाय, म्हणालास.

"दोन बोटं वर घे, इष्णू."

"नाही. हँडलची दांडी नळीत चार बोटं आत राहिलीच पाहिजे. आता बरोबर चार आहे."

"मंग दोन ऱ्हाईल."

"दोनवर हँडल धरत नाही, गजा. नळीचं तोंड फाकतं. सुटलं तर हातात येईल."

"मला वाकवत नाय रे. वर सतरा घरांत ताप हाय. चालत गेलो तर दोन वाड्या व्हत्यात, सायकलनं पाच."

मी म्हटलं, लांब दांडीचं हँडल मुंबईहून मागवतो, दहा दिवस थांब. तू उभा राहिलास, एक हात कमरेवर, तोंड भिंतीकडे. मी पाना घेतला. वरचा बोल्ट सैल केला, लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकला, आणि दांडी ओढली. दोन बोटं. आवळता येईल तेवढं आवळलं. तू बसलास, मूठ धरलीस आणि पाठ सरळ झाली. चार वर्षांत पहिल्यांदा मी तुला त्या सायकलीवर सरळ बसलेला पाहिला. तुझ्या चेहऱ्यावरचा ताण असा सुटला की मला वाटलं, होईल, दहा दिवस निघतील.

"उतारावर उतरून चालायचं. शब्द दे," मी म्हटलं.

"दिला," तू म्हणालास. लगेच दिलास. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मुंबईला पत्र मी त्या दिवशी टाकलं नाही. शुक्रवारी टाकलं.

*

काल एवढं लिहून थांबलो. आज सकाळी दुकान उघडलं, फळी अर्धीच काढली आणि सुतळी कापली.

इतके दिवस मी एक आशा धरून होतो. तुला उतारावरून उचलणाऱ्या कापड्याच्या लोकांनी सायकल बैलगाडीत घालायला म्हणून हँडल काढलं असेल. तसं असतं तर वरचा बोल्ट सैल मिळाला असता. तो आवळलेला आहे, मी आवळला होता तसाच. ब्रेक दोन्ही शाबूत, दाबला की धरतात. चाक जरा वाकलंय, ते पडल्याने. दांडी सरळ आहे. तिच्या खालच्या दोन बोटांवर ओरखडे आहेत, आणि चिमट्याच्या नळीचं तोंड पुढच्या बाजूला फाकलंय. दांडी तिथून उपसून आली आहे. तू उतारावर होतास, ब्रेक दाबलास, अंगाचा भार हँडलवर आला आणि ते तुझ्या हातात राहिलं.

मी रॉकेल घेऊन ते पुसायला बसलो. पुसून झाल्यावर लक्षात आलं की आता हे इतकं स्वच्छ आहे की कुणालाही दाखवलं तरी काही कळणार नाही. नळीचं तोंड ठोकून गोल करायला मला पाव तास लागतो. दादाला मी 'ब्रेक' म्हटलं तर तो ब्रेकच धरून चालेल. मी हातोडी उचललीही होती, गजा. तुझ्यापासून काय लपवायचं. मग खाली ठेवली आणि दुकान बंद करून नदीवर जाऊन बसलो.

*

तेराव्याहून परत आलो. हे शेवटचं.

सकाळच्या एसटीने पोलादपूर, तिथून चालत. तुमच्या अंगणात मांडव होता, पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. मी ठरवलं होतं की त्या घरात गोड जेवायच्या आधी सांगायचं, जेवल्यावर नाही. दादा मुंडासं बांधून उभा होता. मला बघून बाजूला आला.

"बघितलीस?"

"बघितली."

"ब्रेक व्हता का?"

शेजारी तुमचे दोन चुलत भाऊ उभे होते. मी म्हटलं, "ब्रेक शाबूत आहे, दादा. हँडल सुटलं. मी ते आठ दिवस आधी वर केलं होतं. चार बोटं दांडी आत लागते, मी दोनच ठेवली."

दादा मग म्हणाला, "तुला ठावं व्हतं?"

"होतं."

"चार वरसं तू तेचं काय ऐकलं नाय. फ्रेम बदल, फ्रेम बदल. आन् त्याच दिशी ऐकलंस?"

मी म्हटलं, "त्याला वाकवत नव्हतं."

तो माझ्या अंगावर येईल असं वाटलं, आणि आला असता तर बरं झालं असतं. पण तो तिथेच उभा राहिला. ओठ हलत होते. "उंच मी घेतली," म्हणाला, मला नाही, कुणालाच नाही. मग मान वर करून म्हणाला, "तू आता आमच्याकडं येऊ नको, इष्णू. आज आलास, जेव. परत येऊ नको." आणि गोठ्याकडे निघून गेला. चुलत भाऊ खाली बघत होते. मी परत फिरायला निघालो तेवढ्यात तुझी थोरली मुलगी आली. आईने मागच्या पडवीत बोलावलंय म्हणाली.

वहिनी दाराच्या आत उंबऱ्यापाशी बसल्या होत्या. बाहेरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं शिव्या देतील, आणि मी त्या घ्यायला उभा राहिलो. त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"भावजी, चार वरसं रोज रातच्याला मिठाची पुरचुंडी गरम करून पाठ शेकायला लागायची. रोज. त्या आठ दिसांत एकदाबी मागितली नाय. निजले की उताणे निजायचे. मीच उठून बघायची, काय झालं म्हणून. जायच्या आदल्या दिशी सांजच्याला आले आन् धाकटीला उचलून खांद्यावर घेतलन्. अंगणात फिरवलन् तिला. ती भ्यायली. बापाच्या खांद्यावर कधी बसलीच नव्हती ती. जन्मली तवापास्नं वाकूनच घ्यायचे तिला, मांडीवर. तेस्नी उभ्यानं उचलवत नव्हतं."

मग त्या म्हणाल्या, "मला म्हनाले, 'इष्णूनं सायकल बसवून दिली.'"

मी पडवीच्या कडेला बसलो. वहिनी डोळे पुसून म्हणाल्या, "पान वाढलंय. जेवून जावा." आणि आत गेल्या. मी पंगतीत जाऊन बसलो आणि जेवलो. दादा वाढायला आला नाही. त्याने माझ्याशी यापुढे बोलू नये हे मला पटतं आणि मी त्याच्या दारात जाणार नाही.

वहिनींनी मला त्यातून मोकळं केलं असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हँडल मी वर केलं, तू त्याने गेलास, आणि त्याच हँडलने ती पोरगी बापाच्या खांद्यावर बसली. यातलं एक दुसऱ्यातून वजा होत नाही.

पण एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर रागावलोय आणि तो राग मी ठेवणार आहे. चार वर्षं त्या बाकावर बसून तू मला मुंग्या सांगितल्यास, कंबर सांगितलीस, पाठीतली कळ सांगितलीस. मी हसत राहिलो, तूही हसत राहिलास. पोरीला उचलता येत नाही हे तू मला कधी सांगितलं नाहीस, गजा. ते ऐकलं असतं तर मी त्याच दिवशी दादाच्या पायावर डोकं ठेवून तुझी सायकल बदलली असती.